गुडघा दुखतोय? आधी सीट मोजा

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि शरीर

भातकापणी उरकली, हवा जरा कोरडी झाली की किनाऱ्यावरच्या सायकली पुन्हा रस्त्यावर येतात आणि पाठोपाठ आमच्याकडे दुखण्यांची पत्रं येऊ लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : सायकल चांगली, हौस दांडगी, पण अंग साथ देत नाही. उत्तरांआधी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सायकलवर जिथे दुखतं तिथेच चूक असेल असं नाही. हात बधिर होतात ते बरेचदा सीट पुढे झुकल्यामुळे, कंबर धरते ती हँडल लांब पडल्यामुळे, गुडघा ठणकतो तो सीट खाली असल्यामुळे. म्हणून मलम आणि पट्टे घेण्याआधी मोजपट्टी घ्या.

"हायब्रिड सायकल आहे. सकाळी आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जाऊन येतो. चढावर दोन्ही गुडघ्यांच्या वाटीपुढे दुखतं, घरी आल्यावर जिना उतरताना जास्तच. एक्स-रेमध्ये काही नाही. सायकल सोडावी का?" — एक वाचक, वय ४४, रत्नागिरी

सोडू नका. वाटीपुढचं दुखणं, चढावर वाढणारं आणि एक्स-रेत न दिसणारं, म्हटलं की पहिला संशय सीटच्या उंचीवर घ्यायचा. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच दुमडलेल्या अवस्थेत त्याला जोर लावावा लागतो. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला ७५ फेरे धरले तर तासाभरात एकेका गुडघ्यावर हे ४,५०० वेळा घडतं.

आपल्याकडे सीट खाली राहण्याचं कारण जुनं आहे. सीटवर बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं लहानपणी शिकवलेलं असतं. पण पेडल अगदी खाली आलं तरी ते जमिनीपासून साधारण १० ते ११ सेंमी वर असतं. म्हणजे बसून ज्याची टाच जमिनीला लागते, त्याचा पाय पेडल मारताना कधीच पुरेसा सरळ होत नाही. थांबायचं झालं की सीटवरून पुढे उतरून एक पाय खाली टाकायचा, ही सवय लावून घ्या. आठवड्यात जमते.

आता माप. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पावलांत १५ सेंमी अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक कणा वर करून दोन्ही पायांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाबून वर ओढा. पुस्तकाची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे ते दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. तीनदा मोजून सरासरी घ्या. या आकड्याला ०.८८३ ने गुणा. समजा माप ७८ सेंमी आलं, तर ७८ × ०.८८३ = ६८.९ सेंमी. दोन्ही क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून, सीटखालच्या नळीच्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमॉन्ड यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. ते सुरुवातीला चांगलं, शेवटचा शब्द मात्र नाही. मांडी लांब की नडगी लांब, पाऊल केवढं, बुटाचा तळ किती जाड, हे त्याला कळत नाही.

म्हणून ताळा करा. सायकल दाराच्या चौकटीत उभी करा, सीटवर सरळ बसा आणि टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. मग पावलाचा पुढचा भाग नेहमीसारखा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. तोच हवा.

सध्याच्या उंचीत आणि या उंचीत तीन सेंटिमीटरचा फरक निघाला तर एका दिवसात सीट वर नेऊ नका. मांडीमागच्या शिरा आणि पोटऱ्या जुन्या मापाला सरावलेल्या असतात. ५ मिमी वर घ्या, दोन-तीन फेऱ्या मारा, पुन्हा ५ मिमी. प्रत्येक वेळी सीटपोस्टवर, म्हणजे फ्रेममध्ये उतरणाऱ्या सीटच्या दांड्यावर, इन्सुलेशन टेपची बारीक कडी लावा, म्हणजे मागे जायचं झालं तर जागा सापडेल. उंची जास्त झाली तर तेही शरीर सांगतं : गुडघ्यामागे ओढ बसते, पेडल खाली जाताना बोटं खाली वळतात आणि मागून पाहणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी हलताना दिसते. फोन खुर्चीवर टेकवून मागून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, लगेच कळेल.

उंची बसली की सीट पुढे आहे की मागे ते पाहा. दोऱ्याला एक नट बांधला की ओळंबा तयार. दोन्ही क्रँक आडव्या ठेवा. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, तिथून ओळंबा सोडा. नट पेडलच्या आसाजवळ किंवा त्याच्या सेंटिमीटरभर मागे पडला तर ठीक. आसाच्या बराच पुढे पडत असेल तर सीट रुळांवर मागे घ्या. सीट १० मिमी मागे गेली की पेडलपासूनचं अंतरही सुमारे ३ मिमी वाढतं, तेवढी ती खाली करा.

आणि गिअर. आरे-वारेचे चढ आखूड पण उभे आहेत. बरेच जण उतारावरच्या जड गिअरमध्येच चढाला भिडतात आणि अर्ध्यावर चेन ओढत बदलतात. चढ सुरू होण्याआधी पुढची छोटी चकती घ्या. १५ सेकंद मोजा : उजवा गुडघा १८ पेक्षा कमी वेळा वर आला तर गिअर जड आहे. सीट मापात आली आणि गिअर हलका झाला की दोन-तीन आठवड्यांत फरक पडायला हवा. गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर मात्र सायकल बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

"नवी रोड बाइक घेतली. अलिबागहून रेवदंड्याला जाऊन परत येईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मानही आखडते. दुकानातून जेलचे हातमोजे आणले, उपयोग नाही. उंची ५ फूट १ इंच." — एक शिक्षिका, अलिबाग

बाई, तुम्ही कोणती बोटं बधिर होतात ते लिहिलंत हे फार बरं झालं. करंगळी आणि अनामिकेची नस तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूने, अगदी वरवर जाते. हँडलवर त्या जागी भार पडला की ती दबते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं तर नस वेगळी असती, आणि मनगट मागे मोडून धरल्याचा संशय घेतला असता.

भार हातांवर का येतो, हा खरा प्रश्न. आधी सीटचा उतार पाहा. सीटवर एक सपाट जाड पुस्तक ठेवून त्यावर पाणसळ ठेवा. फोनमधली पाणसळही चालेल, मात्र सायकल सपाट फरशीवर हवी. सीट सरळ किंवा टोकाकडे अंशभर, फार तर दोन अंश खाली, एवढंच. त्याहून झुकली असेल तर तुमचं अंग सतत पुढे घसरतं आणि दोन्ही हात दिवसभर त्याला मागे ढकलत राहतात. चालवताना दर थोड्या वेळाने मागे सरकून बसावं लागतं का? लागत असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं निम्मं हँडलच्या अंतरात. ५ फूट १ इंच उंचीच्या स्त्रीला दुकानात जी फ्रेम शिल्लक असते ती विकली जाते, आणि ती बहुधा मोठी असते. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर ताठ राहत असतील, खांदे कानांकडे चढत असतील तर हँडल लांब आहे. अशा वेळी हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ढकलू नका. ही चूक इतकी सर्रास होते की मुद्दाम लिहितो. सीटची जागा पायांसाठी ठरते, हातांसाठी नाही. हाताचं दुखणं गुडघ्यात गेलं, एवढंच त्यातून होतं.

अंतर कमी करायचं ते स्टेमने. स्टेम म्हणजे फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वर येणारी नळी आणि हँडल जोडणारा तुकडा. त्याची लांबी बऱ्याचदा बाजूलाच छापलेली असते. ९० किंवा १०० मिमी असेल तर ७० किंवा ८० मिमीचा लावून पाहा. ६० मिमीच्या खाली गेलात तर हँडल चपळ आणि थोडं चंचल होतं. तरीही लांबच वाटत असेल तर फ्रेमच चुकलेली आहे आणि तिला स्टेमने बरं करता येणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. हँडल उंच हवं असेल तर स्टेमवरच्या कड्या स्टेमखाली घ्या, किंवा स्टेम उलटा लावा. फोर्कची नळी दुकानदाराला कापू देऊ नका, कापलेली पुन्हा वाढत नाही.

स्टेम बसवताना क्रम चुकला तर हँडल खिळखिळं होतं. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, तोही बेताने : पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की हँडलच्या मुळाशी खडखड जाणवू नये आणि हँडल मात्र अडथळ्याशिवाय फिरावं. मग पुढचं चाक आणि हँडल एका रेषेत आणून बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळा. किती आवळायचं ते स्टेमवर लिहिलेलं असतं, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. फोर्कची नळी कार्बनची असेल तर टॉर्क पान्याशिवाय (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू नका.

हँडलची रुंदीही मोजा. खांद्याच्या वरच्या टोकदार हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतचं अंतर आणि हँडलची रुंदी साधारण सारखी हवी. कंपनीकडून ४२ किंवा ४४ सेंमीचं हँडल येतं, तुमच्या बांध्याला ३६ ते ३८ लागू शकतं. ब्रेक बोटांत सहज येत नसतील तर बहुतेक लिव्हरमध्ये ते जवळ आणणारा बारीक स्क्रू असतो. लहान हातांना त्याने फार आराम पडतो आणि उतारावर ब्रेकची खात्री वाटते.

मानेसाठी आणखी एक तपासा. चष्मा नाकावरून घसरतो का? हेल्मेट कपाळावर खाली येतं का? समोरचं दिसावं म्हणून हनुवटी तासभर वर धरून ठेवावी लागते आणि दोष हँडलला जातो. आणि हवा : २८ मिमीच्या टायरमध्ये १०० पीएसआय भरून रेवदंड्याच्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा हातात घेण्यात काही शहाणपण नाही. ६० किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे ६५, मागे ७० पीएसआय पुरतं. टायरवर छापलेल्या किमान-कमाल आकड्यांच्या मध्ये राहा.

हातमोजे सगळ्यात शेवटी. जाड जेल तळहातात गोळा होतं आणि कधी कधी नसेवरच दाब वाढवतं. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला किंवा चिमटीत कागद धरता येईना, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

"बसायची जागा तासाभरात दुखते. सीटवर जेलचं कव्हर घातलं, तर आणखी दुखायला लागलं. असं कसं?" — दापोली

असंच होतं. माणूस बसतो तो कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर. त्यांना घट्ट आधार हवा. जाड मऊ कव्हरमध्ये ही हाडं रुततात आणि मधला कव्हरचा फुगवटा वर येऊन नाजूक भागावर, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात तिथे, दाब देतो. कव्हर काढून टाका.

सीटची रुंदी तुमच्या हाडांना जुळते का ते घरी पाहता येतं. आंब्याच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कापून कडक पायरीवर ठेवा, त्यावर बसा, टाचा उचलून थोडं पुढे वाका आणि अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. पुठ्ठा तिरप्या उजेडात धरा आणि दोन्ही खळग्यांच्या मध्यांना पेनाने टिंब करून अंतर मोजा. समजा ते ११५ मिमी आलं. पुढे वाकून चालवत असाल तर त्यात साधारण २० मिमी मिळवा, सरळ बसून चालवत असाल तर ३० किंवा जास्त. म्हणजे १३५ ते १४५ मिमी रुंदीची सीट. स्त्रियांना बहुधा पुरुषांपेक्षा रुंद लागते, पण अंदाज करू नका, मोजा.

आपल्या दमट हवेचा भाग वेगळा. पॅडवाली चड्डी आतल्या चड्डीवर घालायची नसते, आतली शिवणच कातडी सोलते. घाम वाळून राहिलेलं मीठही तेच करतं. घरी आल्याबरोबर चड्डी उतरवा, धुवा, उलटी करून उन्हात वाळवा. आषाढ-श्रावणात एक चड्डी वाळतच नाही, दोन ठेवा. एकाच बाजूला सतत फोड येत असेल तर सीट उंच आहे किंवा अंग एका बाजूला वळतंय, मलम लावून ते थांबणार नाही. आणि नाजूक भाग बधिर होत असेल तर ते 'चालायचंच' म्हणून सोडू नका. दर १०-१५ मिनिटांनी पेडलवर उभे राहा, सीटचं नाक सरळ आहे का पाहा, मधे खाच असलेली सीट वापरून बघा. बधिरपणा उतरल्यानंतरही काही तास राहिला तर डॉक्टर.

"मुलगी बारा वर्षांची. थोडी मोठीच सायकल घ्यावी म्हणतो, दोन-तीन वर्षं चालेल." — गुहागर

नका घेऊ. मोठी सायकल अडचणीत पटकन थांबत नाही आणि थांबली तरी मुलीला पाय टेकता येत नाही. दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभी राहिल्यावर वर दोन-तीन बोटं जागा राहायला हवी, ब्रेक दोन बोटांनी पूर्ण दाबता यायला हवा. या दोन गोष्टी जमत नसतील तर २६ इंचीऐवजी २४ इंची घ्या, सेकंडहँड मिळाली तरी हरकत नाही. या वयात उंची भराभर वाढते, दर तीन महिन्यांनी सीट वर करा.

"सीट वर करायला गेलो तर सीटपोस्ट फ्रेममध्ये जाम. दुकानदार म्हणतो कापावा लागेल. घर समुद्राला लागून." — वेंगुर्ला

लगेच कापू नका. खारी हवा आणि घाम नळीत उतरतात, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि ती फुगून पोस्ट आवळून बसते. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट पाणी, मग हे आणखी लवकर होतं.

सीटचा क्लॅम्प पूर्ण काढून ठेवा. फ्रेमच्या खाचेत आणि पोस्टभोवती गंज सोडवणारं तेल सोडा, सायकल रात्रभर उभी ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. दोन-तीन दिवस धीर धरा. मग ओढायचं नाही, फिरवायचं : जुनी निकामी सीट पोस्टवर पक्की बसवून तिचं टोक डावी-उजवी, आधी मिलिमीटरभर, मग जास्त. हललं की आवाज येतो, तो ऐकू आला की अर्धं काम झालं. पाइप पाना लावला तर पोस्ट वाया जातो, पण फ्रेम वाचते. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर उष्णता देऊ नका, जोरही करू नका. ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

निघाला की नळी आतून फडक्याने पुसा, पोस्टला ग्रीसचा पातळ थर द्या. कार्बन असेल तर ग्रीस नाही, कार्बनची वेगळी पेस्ट मिळते ती. यापुढे महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढायचा, पावसाळ्यात दोनदा. पोस्टवर 'किमान' म्हणून कोरलेली रेघ असते, ती नेहमी फ्रेमच्या आत राहिली पाहिजे. ती बाहेर दिसत असेल तर लांब पोस्ट घ्या.

"जानेवारीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे. बाइक फिटिंग करून घेण्यासाठी पुण्या-मुंबईला जाणं परवडेल का? तिथे नेमकं करतात काय?" — चिपळूण

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. दोन तासांच्या फेरीत जी चूक नुसती टोचते, ती दहाव्या तासाला तुम्हाला खाली उतरवते. वर लिहिलेलं सगळं घरी करून झालं आणि तरीही दुखत असेल, जुनी दुखापत असेल, किंवा एकाच बाजूला दुखत असेल, तर जा. खर्च सार्थकी लागतो. काहीच दुखत नसेल तर तोच पैसा चांगल्या टायरांवर आणि सर्व्हिसिंगवर घाला.

चांगला फिटर सायकलीला हात लावण्याआधी तुमच्याशी बोलतो : कुठे दुखतं, कितव्या तासाला, काम बैठं की उभ्याचं, कधी पडला होतात का. मग तुम्हाला टेबलावर झोपवून मांडीमागची लवचीकता, कमरेची हालचाल, पायांच्या लांबीतला फरक, पावलांची कमान पाहतो. त्यानंतर सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर, चढते. सांध्यांवर खुणा लावून चालत्या पायांचं चित्रण होतं, कारण घाम आल्यावर आणि जोर लावल्यावर पाय वेगळा फिरतो. उभ्या सायकलवरची मापं तिथे कमी पडतात. काही ठिकाणी सीटवर दाब मोजणारी चादरही घालतात. सगळ्याला दोन-तीन तास लागतात. अर्ध्या तासात उरकणारा, किंवा तपासण्याआधीच नवं हँडल आणि सीट काढून दाखवणारा असेल तर सावध राहा.

घरी होत नाही अशी मुख्य गोष्ट म्हणजे दोन्ही पायांतला फरक ओळखणं. एक पाय काही मिलिमीटर आखूड असलेले लोक पुष्कळ असतात, त्यांना चालताना जाणवतही नाही. सीट लांब पायाला जुळवली की आखूड पाय ताणला जातो आणि त्याच बाजूची कंबर धरते. फिटर तिथे क्लीटखाली (बुटाच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) पातळ पट्टी देतो किंवा मधली उंची काढतो. फरक हाडांत आहे की नुसता कंबर वळल्यामुळे दिसतोय, हे ठरवायला अनुभवी नजर लागते.

जाताना तुम्ही खरोखर वापरता तेच बूट, तीच चड्डी, तीच सायकल न्या. धुऊन न्या, पोस्ट आणि स्टेम सुटतात याची आदल्या दिवशी खात्री करा, नाहीतर वेंगुर्ल्याच्या वाचकासारखं होईल आणि अर्धा वेळ पोस्ट काढण्यात जाईल. सगळी मापं लिहून मागा : सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर, हँडल सीटपेक्षा किती खाली, क्लीटची जागा. फिटिंगनंतर बदल हवा असेल तर पुन्हा बोलावतात का, हे आधीच विचारून घ्या. आणि ब्रेव्हेच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. नव्या मापाची सवय व्हायला तीनेक आठवडे लागतात, त्यात एखादी लांब फेरी हवी. कुंभार्ली घाट चढून उतरून पाहा : चढावर गुडघे आणि कंबर कळतात, उतारावर हात आणि मान.

"वडील रोज पहाटे काळ्या सायकलवरून पाव-बटर पोहोचवतात. कंबर फार दुखते. अशा साध्या सायकलचं फिटिंग होतं का?" — मालवण

का नाही होणार? रोज ओझं घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्याची गरज कुणाहीपेक्षा जास्त आहे, आणि त्याला दोन पाने आणि एक हातोडी पुरते.

वडिलांची सीट वरच्या पद्धतीने मोजा, पण सूत्रापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर खालीच ठेवा. दर घरापाशी उतरायचं असतं, शिवाय मागे टोपली असल्यामुळे पाय मागून टाकता येत नाही. जुन्या स्प्रिंगच्या सीटचं कातडं मध्ये बसलेलं असतं आणि टोक वर आलेलं असतं. त्याने कंबरेला बाक येतो आणि सगळे धक्के मणक्याच्या खालच्या भागात जातात. कातडं ताणायला टोकाखाली नट असतो, तो फेराभर आवळा. कातडं फाटायला आलं असेल तर नवी सीट घ्या.

हँडल सीटपेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर आणा. हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने एक ठोका द्या. आतली पाचर सुटते, दांडा वर येतो. त्याच्यावरही किमान खूण असते, ती झाकलेली राहू द्या. चाक सरळ धरून बोल्ट घट्ट आवळा.

मग ओझं. टोपलीतला जड माल तळाशी आणि सीटकडच्या बाजूला भरा. मागच्या चाकाच्या आसामागे वजन लोंबकळलं की पुढचं चाक हलकं होतं आणि ते सावरायला दर वळणावर कंबर लागते. टोपली कॅरियरला चार ठिकाणी रबरी पट्ट्यांनी आवळा, हलणारं ओझं दुप्पट वाटतं. आणि पाहा, वडील थांबल्यावर भरलेली सायकल नेहमी एकाच बाजूच्या कंबरेवर पेलून उभे राहतात का? बहुतेक जण राहतात. दोन पायांचा रुंद स्टँड बसवून घ्या, सायकल त्याच्यावर उभी राहू दे.

"क्लीटचे बूट घेतल्यापासून दोन तासांनी तळव्यांची आग होते, बोटं सुन्न पडतात." — देवगड

आधी बूट पाहा. उन्हात पावलं फुगतात, सकाळी चपखल वाटलेला बूट दुपारी घट्ट होतो. पुढचा पट्टा एक खाच सैल ठेवा. तेवढ्याने थांबलं नाही तर क्लीट मागे घ्या. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा आणि करंगळीच्या मुळाशी जो, त्या दोन्ही जागा बुटावर बाहेरून बोटाने चाचपून खडूने खूण करा. पेडलचा आस त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. तुमचा बहुधा अंगठ्याच्या खुणेच्याही पुढे असेल. ३-४ मिमी मागे घेतल्यावर सीटही १-२ मिमी खाली करा.

क्लीटचा कोन पावलाच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे ठेवा. टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडा, पावलं जिकडे वळतात तिकडे वळू द्या. थोडी मोकळीक असलेलेच क्लीट घ्या. शिमानोच्या रोड पेडलना पिवळ्या क्लीटमध्ये ६ अंश, निळ्यात २ आणि लाल रंगात शून्य अंश फिरायला जागा मिळते. सुरुवात पिवळ्यापासून. लाल क्लीट चुकीच्या कोनात बसलं तर गुडघ्याची बाजू धरते.

आणि देवगडला राहता म्हणून एवढं करा : क्लीटच्या बोल्टना बसवतानाच ग्रीस लावा आणि वाळूतून चालून आलात की काडीने त्यांच्या डोक्यातली वाळू काढा. खाच गंजून गोल झाली की क्लीट मिलिमीटरभरही हलवता येत नाही, बोल्ट ड्रिलने काढावा लागतो.